हत्तीच्या पोटातली चूल

आमच्या घरी शेवया दोन तऱ्हेच्या होत. एक मायच्या. उन्हाळ्यात पाटावर वळलेल्या, केसासारख्या बारीक, खाटेवर धोतर पसरून वाळवलेल्या आणि पाहुणा आला की दूधसाखरेत जाणाऱ्या. दुसऱ्या बाबांच्या. बाबा गव्हाचं पीठ घट्ट मळत, त्याची करंगळीएवढी वळी करून सायकलच्या चाकातल्या तारेभोवती गुंडाळत, तळहाताने पाटावर दोनदा फिरवत आणि तार अलगद ओढून घेत. उरायची ती पोकळ नळी. अशा नळ्या सुपात पडत जायच्या आणि आम्ही भावंडं त्यांतून फुंकर मारून पाहायचो. मग अंगणातल्या वेगळ्या चुलीवर टमाट्याचा घट्ट रस्सा, त्यात ठेचलेला लसूण, लाल मिरची आणि चुरडलेली ओव्याची पानं. तिकडे इटलीत भलतंच एक पान घालतात, पण वासाला ओवाच जवळचा, असं बाबा म्हणत. या पदार्थाला ते मकरुनी म्हणत. माय त्याला नळ्याची भाजी म्हणे आणि आपल्या चुलीवर तो प्रकार शिजू देत नसे. मात्र रस्सा उकळायला लागला की ती उगाचच अंगणात चक्कर मारून जाई, आणि जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायलाही तिची हरकत नसे.

बाबा मोठ्या लढाईत इटलीत होते. हे आमच्या अनसिंग गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते पलटणीच्या लंगरात स्वयंपाकी होते हेही ठाऊक होतं. पहिल्या गोष्टीने मिळालेला मान दुसऱ्या गोष्टीने निम्मा होई. बाजारात कोणी विचारी, "काय गा, जर्मनाले लाटन्यानं हानलं का?" बाबा हसत आणि म्हणत, "लाटन्यानं नाई, पोटानं हानलं. आपले भरले होते, त्याचे रिकामे होते." त्यांना राग म्हणून येत नसे. उंचीने बेताचे, दंड मात्र पीठ मळून मळून पैलवानासारखे, आणि आवाज असा की शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जेवायची हाक जावी. संध्याकाळी अंगणातल्या कडुलिंबाखाली चार माणसं जमली की ते लढाईतल्या गोष्टी सांगत, आणि त्यातली एक गोष्ट नेहमी एकाच वाक्याने सुरू होई: "हत्तीच्या पोटात म्या अख्ख्या कंपनीचा सैपाक केला."

हत्ती म्हणजे जर्मनांची एक अवजड गाडी. रणगाडे फोडायलाच बनवलेली, साखळीपट्ट्यांवर चालणारी, पुढे ही लांब तोफ. रोमच्या वरच्या अंगाला एका खेड्याबाहेर ती पेट्रोल संपल्यामुळे जर्मनांनी तशीच टाकून दिली होती. पाऊस सारखा पडत होता, तंबू उडून गेले होते, लाकडं भिजली होती आणि कंपनी उपाशी होती. तेव्हा बाबांनी त्या गाडीच्या आत, पोलादी भिंतींच्या आडोशाला चूल मांडली. आतले गोळे आधीच काढून नेलेले होते. वरून ताडपत्रीचा एक कोपरा बांधला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. गोष्ट इथवर आली की कोणी ना कोणी फिसकन हसे. हत्तीचं पोट, त्यात चूल, म्हणजे लेंड्या कुठं पडत होत्या, असलं काहीतरी कोणी बोले, सगळे हसत, बाबाही हसत, आणि गोष्ट तिथेच संपे. पुढे काही आहे की नाही, हे आम्ही कधी विचारलं नाही.

पुरावा म्हणून बाबांकडे तीन फोटो होते. त्या खेड्यात लग्नाचे फोटो काढणारा एक म्हातारा होता. त्याच्या घरच्यांना बाबांनी त्या दिवशी पोळ्या दिल्या, आणि त्याने उतराई म्हणून हे फोटो काढून धुऊन दिले. लोखंडी पेटीत, मायच्या लग्नातल्या शालूच्या घडीत ते असत. एकात ती अख्खी गाडी बाजूने दिसे. तोफेची नळी इतकी लांब की फोटोच्या चौकटीबाहेर गेलेली, आणि चाकाशी हातात झारा घेतलेले बाबा. दुसऱ्यात गाडीच्या मागच्या भागातून धूर वर चाललेला. तिसऱ्यात गाडीच्या काठावर तीन जवान बसलेले, मधले बाबा.

मी वाशिमच्या कॉलेजात जाऊ लागले ते वर्ष. रोज सकाळच्या एसटीने जायचं आणि दुपारच्या एसटीने यायचं. गावातून कॉलेजात जाणाऱ्या आम्ही दोघी-तिघीच मुली होतो आणि त्याचा मला बराच तोरा होता. त्या पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेने लढाईवर जाऊन आलेल्या माणसांचा सत्कार ठेवला. पाहुणे म्हणून शिरपूरहून एक निवृत्त सुभेदार आले होते. ते स्वतः रणगाड्यांच्या तुकडीत, आफ्रिकेच्या वाळवंटात लढलेले. ताठ, मिश्या टोकदार, बोलणं मोजकं. बाबांना चार शब्द बोलायला सांगितलं. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी खिशातून फोटो काढून सुभेदारांच्या हातात दिले आणि आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं. पोरं हसली. ते नेहमीचंच होतं. पण सुभेदार हसले नाहीत. त्यांनी फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिले आणि म्हणाले, "हत्ती नावाची गाडी जर्मनाजवळ होती, हे खरं हाय. आमी आयकून होतो. पण ते चारी बाजूनं अन् वरून बंद राहे. लोखंडाची पेटीच समजा. तिच्यात चूल पेटवली त मानूस धुरानं मरून जाईन. तुमी आत सैपाक केला म्हनता, ते कसं?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. अपमान करायचा म्हणून ते बोललेच नव्हते, हे आज मला कळतं. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. पण माईक चालू होता. बाबा म्हणाले, "केला साहेब. म्याच केला." गाडी वरून उघडी होती, हे ते सांगू लागले, पण कोणी ऐकेना. मागून कोणी ओरडलं, "लंगरीबुवा, खाली बसा, भाजी करपून राह्यली." सगळी शाळा हसली. बाबा खाली बसले, आणि त्यांच्या तोंडावरचं हसू तेवढं त्या दिवशी नव्हतं.

घरी येऊन त्यांनी फोटो पेटीत ठेवले. सदरा काढून खुंटीला लावला आणि शेतात गेले. त्यानंतर लिंबाखालच्या बैठका बंद झाल्या. माणसं येत, बाबा सोयाबीन... नाही, सोयाबीन तेव्हा कुठलं आमच्याकडे! ते सगळं पुढे आलं. ज्वारी, कपाशी, तूर, यांच्याविषयी बोलत आणि लवकर उठून जात. मकरुनीही झाली नाही. टमाटे आले, पिकले, मायने त्यांची चटणी केली. एक दिवस तिने स्वतः सायकलची तार धुऊन, पुसून पाटावर आणून ठेवली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि ती तार पुन्हा छपरात खोचून ठेवली. माय मला न्हाणीपाशी गाठून म्हणाली, "तू शिकून राह्यली ना एवढी? मंग पाह्य ना कोनत्या पुस्तकात. त्यायनं खोटं सांगतलं नाई. मले ठाऊक हाय."

"तुले कसं ठाऊक?"

"पंचवीस वर्सं झाली लग्नाले. खोटं बोलाले लागले की त्यायचा कान लाल होते. ही गोष्ट सांगताना कधी झाला नाई."

मायचा पुरावा मला पुरेसा होता, पण तो सुभेदारांना दाखवता येण्यासारखा नव्हता. मी फोटो काढून घेतले. बाजारपेठेत केशरकाकांचं कापडाचं दुकान होतं. ते जैन, शिरपूरच्या मंदिरात नेमाने जाणारे, आणि पोथी वाचायला त्यांच्याकडे पितळी मुठीचं एक मोठं भिंग होतं. मी ते मागितलं. काकांनी कशाला म्हणून विचारलं, मी सांगितलं, आणि ते गिऱ्हाईक सोडून माझ्याबरोबर फोटो पाहत बसले. पतंगीचा पातळ कागद पहिल्या फोटोवर ठेवून मी गाडीची बाह्यरेषा काढली. साखळीपट्ट्याच्या आतली चाकं मोजली. बुटकी बुटकी आठ, आणि वरची पट्टी पेलायला आणखी चार इवलीशी. रणगाड्याच्या डोक्यावर फिरणारी टोपी असते तशी या गाडीला नव्हती. तोफ पुढे तोंड करून पक्की बसवलेली आणि मागच्या अर्ध्या भागात तिरप्या पत्र्यांचा एक उंच कठडा. कठड्याला छप्पर आहे की नाही ते मात्र फोटोवरून कळेना. धूर दिसत होता, पण तो छपरातून येतोय, झरोक्यातून येतोय की मागून, कोण सांगणार?

केशरकाका महिन्या-दोन महिन्यांनी माल घ्यायला नागपूरला जात. "तिथं रस्त्यावर जुनी पुस्तकं विकतात, तुझं पुस्तक मी आणतो," ते म्हणाले. त्यांनी आणलंही. कागदात गुंडाळून, सुतळी बांधून. मी उघडलं तर ते हत्तींची निगा कशी राखावी, त्यांना माणसाळवावं कसं, यावरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं. काकांनी दुकानदाराला सांगितलं होतं, लढाईतल्या हत्तीचं पुस्तक द्या. त्याने मुखपृष्ठावरचा हत्ती पाहून दिलं. आम्ही दोघं इतके हसलो की काकांच्या मुनिमाला वाटलं काही घडलं. ते पुस्तक माझ्याकडे अजून आहे. हत्तीला पोटदुखी झाली तर काय द्यावं, हे मला त्यामुळे ठाऊक आहे, आणि त्याचा उपयोग करायची वेळ आजवर आलेली नाही.

पुढच्या खेपेला काका आणि काकू दोघं निघाले तेव्हा मायने मला त्यांच्याबरोबर धाडलं. नागपूर मी तोवर पाहिलेलं नव्हतं. काकू वाटेभर मला खाकरा आणि गूळ खाऊ घालत होत्या आणि माझी खिडकीकडची जागा राखत होत्या. काका मालाच्या मागे गेले. मी आणि काकू फुटपाथवरच्या पुस्तकांच्या ढिगांपाशी उकिडव्या बसलो. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, पण पतंगीच्या कागदावरचं चित्र त्यांनी नीट पाहून घेतलं होतं आणि त्या माझ्याहून जलद शोधत होत्या. विमानांची पुस्तकं, जहाजांची, बंदुकांची. ऊन चढलं. मग लढाईतल्या गाड्यांचं एक पुस्तक हाताला लागलं. पुठ्ठा सुटलेला, पानं पिवळी, पण प्रत्येक गाडीचं चित्र आणि खाली माहिती. मी जर्मनांची पानं उलटली आणि हत्ती सापडला. नाव खरंच तेच होतं, त्यांच्या भाषेत हत्तीच. मी आनंदाने कागद त्यावर ठेवला, पण रेषा जुळेनात. त्याची चाकं मोठाली होती, सहा. मागची पेटी चहूबाजूंनी आणि वरून बंद. सुभेदार म्हणाले होते अगदी तशीच. बाबांची गाडी ही नव्हती.

मी पुस्तक मिटणार होते. काकूंनी माझा हात धरला. "इतक्यात काय मिटतेस? पुढची पानं काय दुसऱ्याची आहेत?" त्या स्वतः पान उलटू लागल्या, एकेक, बोट ओलं करून. आणि एका पानावर थांबल्या. "ही बघ. ही लांब सोंड. ही आठ चाकं. वरची चार." मी पाहिलं. तिरप्या पत्र्यांचा कठडा, तोफ पक्की बसवलेली, आणि कठड्यावरून चार जर्मनांची डोकी वर आलेली, परातीत ठेवलेल्या नारळांसारखी. छप्पर नव्हतंच. खाली लिहिलं होतं की हिचा लढण्याचा भाग वरून पूर्ण उघडा असे, त्यामुळे पावसात शिपायांचे हाल होत आणि ते ताडपत्री बांधत. नावाचा अर्थही दिला होता. मी तो काकूंना सांगितला. "हा हत्ती नाही काकू. गेंडा आहे."

आज माझी नात फोनवर ते नाव टाकते आणि चहाला उकळी यायच्या आत त्या गाडीचे चहूबाजूंनी फोटो दाखवते. कुठे बनली, किती जाडीचा पत्रा, सगळं. तिनेच मला सांगितलं की लढाईत असा गोंधळ सर्रास होई. समोरून मोठं काही आलं की त्याला शिपाई सगळ्यात भयंकर नावच देत, आणि तोफ दुरून दिसली की प्रत्येकाला ती हत्तीचीच वाटे. कोण्या साहेबाने बाबांना हत्ती सांगितला आणि बाबांनी तो जपून घरी आणला, इतकंच. नातीच्या फोनचं मला कौतुक आहे. पण भर उन्हात काकूंच्या ओल्या बोटाखाली ते पान उलटलं, तसं काही मला त्या फोनवर होताना दिसत नाही.

परतीच्या एसटीत मला एकच काळजी लागली. गोष्ट खरी ठरली होती, पण हत्ती गेला होता. तीस वर्षं ज्या वाक्याने बाबा सुरुवात करत, ते वाक्यच चुकीचं निघालं होतं. घरी आले तेव्हा बाबा बैलाच्या गळ्यातला कंडा दुरुस्त करत बसले होते. मी पुस्तक त्यांच्यापुढे उघडलं. त्यांनी कंडा बाजूला ठेवला. पानावरून हात फिरवला, कठड्यापाशी बोट थांबवलं. "इथं चूल होती. इथं मी बसलो होतो. पीठ इथं." मग म्हणाले, "हेच हाय."

"बाबा, पन हा हत्ती नाई."

"मंग?"

"गेंडा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे. "हत्ती कसा राहते?" मी ते पान काढून दाखवलं. "हे बंद हाय," ते म्हणाले. "ह्याच्यात चूल कोन पेटवीन? धूर कुठून जाईन?" आणि सुभेदारांचाच प्रश्न आपण विचारला हे ध्यानात येऊन ते थबकले. मग त्यांच्या पोटातून हसू वर आलं, दंड हलायला लागले. "म्हंजे तीस वर्सं म्या गेंड्याले हत्ती म्हनून हाका मारल्या. त्याले काय वाटलं असन!" माय ओसरीवर आली. तिला काय झालं ते कळलं नव्हतं, पण बाबा हसताहेत एवढं तिला पुरलं. ती तिथेच टेकली आणि पदराने डोळे पुसू लागली.

मी म्हटलं, चला शिरपूरले. बाबा म्हणाले, "मी नाई येत. जे खरं ते खरं. कोनाच्या दारी जाऊन सांगाची गरज नाई." त्यांचं मन वळेना. तेव्हा माय उठली. "तुमी नका येऊ. आमी जातो." माझी माय बाजार आणि माहेर सोडून कुठे एकटी गेलेली मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं, पुस्तक आणि फोटो फडक्यात बांधले आणि आम्ही एसटीत बसलो. सुभेदारांच्या घरी पोचल्यावर तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, फडकं सोडलं आणि एवढंच म्हटलं, "पाहून घ्या भाऊ." सुभेदारांनी चष्मा लावला. फोटो आणि पुस्तक शेजारी ठेवून चाकं मोजली. नंतर माझा पतंगीचा कागद घेऊन पुस्तकातल्या चित्रावर धरला. त्यांच्या घरात घड्याळाचा टोला पडला, कोणी चहा आणून ठेवला, तो गार झाला. शेवटी ते म्हणाले, "उद्या येतो मी अनसिंगले."

ते आले ते चारचौघांसारखे आले नाहीत. कोटावर पदकं लावून आले. आमच्या अंगणात, शेजारपाजारची माणसं जमलेली असताना, बाबांपुढे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "म्या सभेत तुमाले इचारलं, म्हनून लोकायसमोरच सांगतो. गाडी वरून उघडी होती. तुमचं खरं हाय. माहं चुकलं." बाबा इतके गोंधळले की त्यांनी दोन्ही हातांनी सुभेदारांचा हात धरला आणि म्हणाले, "जेवून जा." माय आत गेली, छपरातली सायकलची तार काढून घेऊन आली आणि बाबांच्या हातात दिली.

जेवणं लिंबाखाली झाली. सुभेदारांनी मकरुनी खाल्ली, बोटं चाटली आणि हे काय आहे म्हणून विचारलं. हात धुऊन झाल्यावर त्यांनी पुन्हा फोटो मागितले. तिसरा फोटो हातात घेऊन म्हणाले, "हे तुमी. बाकीचे हे दोघं कोन?"

हा प्रश्न तोवर कोणीच विचारलेला नव्हता. आम्हीसुद्धा नाही. गोष्ट दर वेळी हत्तीपाशी अडत होती, तिथून पुढे कोणी तिला जाऊच दिलं नव्हतं. बाबांनी फोटोकडे पाहिलं. "हा लक्षीमन, सातारकडचा. घरी पोचला. बरीच वर्सं त्याचं पत्र येत होतं. अन् हा दगडू. चोपड्याच्या पुढचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. रायफलवाला होता, पन घडी भेटली का माह्याकडं पीठ मळाले येऊन बसे. मदत कायची, पहिली पोळी त्यालेच भेटावी म्हनून." बाबांनी फोटो आपल्या हातात घेतला. "दुसऱ्या दिवशी कंपनी म्होरं गेली. नदी होती एक. मी लंगरासंगं मागंच. संध्याकाळी सैपाक करून वाट पाहून राह्यलो. मानसं आली, जेवली. पोळ्या उरल्या. लई उरल्या. त्याच्यावरून मले समजलं."

मायने पदर तोंडाशी धरला होता. पंचवीस वर्षं ती या माणसाच्या शेजारी झोपत होती आणि हे ती पहिल्यांदा ऐकत होती. तिने हळूच विचारलं, "त्यायच्या घरी गेले होते का तुमी?"

"नाई गेलो. त्याच्या मायनं इचारलं असतं, कसा गेला म्हनून. मी काय सांगू? मी त काई पाहलंच नाई. मी मांगं पोळ्या लाटत होतो."

सुभेदार म्हणाले, "कसा गेला ते सरकारनं कागद धाडून कळवलं असन. तो कसा होता, हे कोन्या कागदात राहत नाई. ते तुमाले ठाऊक हाय. जा तुमी."

तूर घरात आल्यावर आम्ही निघालो, बाबा, माय आणि मी. त्याआधी वाशिमच्या फोटो स्टुडिओत तिसऱ्या फोटोची मोठी प्रत करून घेतली. फोटोवाल्याने विचारलं, गाडी पूर्ण घेऊ की माणसं मोठी करू? माझ्या तोंडून गाडी असं निघणार होतं. बाबा म्हणाले, "मानसं." वाशिमहून छोट्या रुळांच्या आगगाडीने अकोला, तिथून मोठ्या गाडीने जळगाव, पुढे एसटी, आणि शेवटी एका केळीच्या गाडीत बसून त्या गावी. माय वाटेभर केळीच्या बागा पाहून हरखली होती. एवढं पाणी तिने विहिरीबाहेर पाहिलेलं नव्हतं. बाबा मात्र जसजसं गाव जवळ येई तसतसे पिशवीतला फोटो पुन्हा पुन्हा चाचपून पाहत होते.

दगडूची आई केव्हाच गेली होती. घरात त्याची धाकटी बहीण होती, सुभद्राबाई. बाबांहून दहा-बारा वर्षांनी लहान, उंच, हातात विळा, नुकतीच मळ्यातून आलेली. बाबांनी आपलं नाव सांगितलं, पलटणीचं नाव सांगितलं, दगडूचं नाव घेतलं. त्यांनी विळा भिंतीला टेकवून ठेवला. "मी लहान होते तो गेला तेव्हा," त्या म्हणाल्या. "सरकारचं पदक आलं होतं. ते आहे डब्यात. आई रोज काढून पाहायची. पण पदकाला काही तोंड नसतं. फोटो त्याचा एकही नाही. मला तर त्याचा चेहराच आठवत नाही आता."

बाबांनी पिशवीतून फोटो काढला. बोलणं त्यांना जमेना, त्यांनी तो नुसता पुढे केला आणि बोटाने कोणता ते दाखवलं. त्या फोटो घेऊन अंगणात उजेडाला गेल्या. आम्ही ओसरीवर बसून राहिलो. त्यांची पाठ आमच्याकडे होती. बाबा दोन्ही हात मांडीखाली धरून बसले होते आणि आता विचारेल, आता विचारेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्या वळल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "याचा हा गाल असा का फुगलाय? दात दुखत होता का?"

मी उठून पाहिलं. इतके दिवस मी तो फोटो भिंगाखाली धरला होता, पट्ट्यांची कडी न् कडी मला पाठ होती, आणि तो गाल माझ्या नजरेसच पडला नव्हता. डावा गाल चांगला टम्म फुगलेला, ओठ मिटलेले आणि डोळे हसणारे.

"दात नाई दुखत," बाबा म्हणाले. "तोंडात पोळी हाय त्याच्या. फोटोवाला थांब थांब म्हने, अन् याले थांबवत नोतं. तव्यावरून उचलली अन् घातली तोंडात. गिळाले सवडच नाई भेटली."

सुभद्राबाईंनी पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि त्या हसल्या. हसता हसता डोळे वाहायला लागले तरी हसणं थांबेना. "आई असंच सांगायची," त्या म्हणाल्या. "घास तोंडात घेऊनच घराबाहेर पळायचा म्हणे. जेवून जा म्हटलं तर जेवतोच आहे म्हणायचा." माय उठून त्यांच्यापाशी गेली आणि त्या दोघी फोटोवर वाकून उभ्या राहिल्या. तो कसा गेला, हे कोणी विचारलं नाही. तो पीठ कसं मळायचा, किती खायचा, पहाऱ्याच्या वेळी कोणती गाणी म्हणायचा, हेच सुभद्राबाई एकामागून एक विचारत गेल्या, आणि बाबांना सगळं ठाऊक होतं. त्यांचा तो दोन धुऱ्यांवरून ऐकू जाणारा आवाज हळूहळू परत आला. शेजारची माणसं येऊन बसली. कोणी अडवलं नाही, कोणी मध्ये बोललं नाही.

दिवस कलल्यावर सुभद्राबाई स्वयंपाकाला म्हणून आत गेल्या. परातीत पीठ ओतल्याचा आवाज आला, तसे बाबा बोलता बोलता उठले, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि दारापाशी जाऊन म्हणाले, "ताई, सरका. आज पोळ्या मी करतो."